दोन्हीकडच्या वाघमारेबाई

माझ्या भाचीला पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांनी मला फोन केला. "अरे, ही इंजिनिअर झाली आणि हुद्दा मिळालाय ॲडव्होकेटचा. डेव्हलपर ॲडव्होकेट. हिला कोर्टात जावं लागणार की काय?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. कंपनी जे बनवते ते घेऊन बाहेरचे प्रोग्रॅमर आपापलं काम उभं करतात. त्या प्रोग्रॅमरांकडे जायचं, त्यांना शिकवायचं, त्यांच्या अडचणी ऐकायच्या आणि परत येऊन कंपनीत त्यांच्या वतीनं भांडायचं.

"म्हणजे विक्रीच ना?"

"नाही."

"मग कंपनीला त्यातून काय मिळतं?"

हा प्रश्न मी फार पूर्वी एकदा ऐकला होता. सांगलीत, विश्रामबागेत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या कंपनीच्या दोन खोल्या होत्या, तिथं. ज्यांना तो विचारला गेला त्यांचा हुद्दा काय होता ते कुणालाच सांगता आलं नसतं. हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढं नुसतं 'फिरती' असं लिहिलेलं असे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. विंडोज आमच्याकडे अजून पाहुण्यासारखं यायचं. काम सगळं डॉसवर. तेव्हा कुणी प्रोग्रॅम लिहिला तर त्यात मराठी अक्षरं आणणं हा मोठा खटाटोप होता. आम्ही त्यासाठी एक तयार भाग बनवला होता. तो फ्लॉपीवर मिळायचा. प्रोग्रॅमरनं आपल्या प्रोग्रॅमला तो जोडला की पडद्यावर आणि छपाईत मराठी उमटायची. कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, पुण्यातली चांगली नोकरी सोडून आले होते. आम्ही तिघे प्रोग्रॅमर. मी सगळ्यात नवा.

वाघमारेबाई पहिल्यांदा आल्या त्या पत्रानं. त्या कराडला मराठी टायपिंग शिकवायच्या. शेजारच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये त्यांनी आमचा नमुना बघितला आणि साहेबांना एक अंतर्देशीय पत्र पाठवलं, चारी बाजू भरून. त्यात आमच्या कळफलकातल्या सतरा चुका होत्या, क्रमांक घालून. शेवटी लिहिलं होतं, 'ज्या मुलींची बोटे बसलेली आहेत, त्यांची बोटे तुम्ही मोडणार. कृपया मोडू नये.' साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि त्यांना भेटायला बोलावलं.

मी तेव्हा दारापाशीच बसायचो. साधारण चाळिशीच्या, उंच, काटक बाई. नऊवारी नव्हे, पाचवारीच, पण ओचा खोचल्यासारखी चालायची ढब. पायात पुरुषी चपला. मागून कळलं की वडील फौजेतून निवृत्त झालेले, राहायला कराडला लागून मलकापूरला, आणि नवरा एस.टी. डेपोत मेकॅनिक. त्यामुळे कुठली गाडी कुठून किती वाजता सुटते आणि वाटेत कुठं बिघडायची शक्यता आहे, हे त्यांना तोंडपाठ.

साहेब म्हणाले, "चुका काढायच्याच असतील तर आमच्याकडे राहून काढा."

"काढीन," बाई म्हणाल्या. "पण हितं बसून न्हाई. जे वापरत्यात त्यांच्यात जाऊन."

अशी ती नोकरी ठरली. आठवड्यातले चार दिवस त्या बाहेर असत. सातारा, कराड, विटा, तासगाव, जत. कापडी पिशवीत फ्लॉप्यांचा डबा, भाकरीचा डबा आणि एक शंभर पानी वही. जिथं आमचा भाग वापरून कुणी काही लिहीत असेल तिथं जायचं. सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन ती वही मोठ्यानं वाचायची. आम्हा तिघांच्या खुर्च्या त्या स्वतः वळवून घेत. वहीत तक्रार ज्याची त्याच्या शब्दांत लिहिलेली असे, नावानिशी. 'ग्राहक म्हणतो' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "तासगावचा बाळू म्हणतोय, तुमची अनुस्वाराची कळ दाबली की माझं मशीन झोपतं." आम्ही हसलो तर थांबायच्या. हसून झालं की पुन्हा तेच वाक्य पहिल्यापासून वाचायच्या.

दुसऱ्याच्या कळफलकाला त्या हात लावत नसत. शेजारी खुर्ची घेऊन, हात मांडीवर ठेवून बसायच्या. एकदा त्यांच्याबरोबर कवठे महांकाळला गेलो तेव्हा मी हे बघितलं. तिथं तानाजी नावाचा एकजण शेतीऔषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काम करायचा. द्राक्षबागांच्या फवारणीचं वेळापत्रक छापून देणारा प्रोग्रॅम त्यानं स्वतःच्या डोक्यानं लिहिला होता. कॉलेज अर्धवट सोडलेलं, इंग्रजी बेताची. आमची माहितीपुस्तिका सगळी इंग्रजीत.

"अडलंय कुठं ते सांगा," बाई म्हणाल्या. "चुकलंय कुणाचं ते मागनं बघू."

 तानाजी खाली बघत म्हणाला, "ईस दिस झालं हितंच हाय बगा मी. वरती 'शेतकऱ्यांसाठी' म्हणून छापायचंय. त्यो र काय बसंना. डोक्यावर जाऊन बसतोय. लोकं हसत्यात. म्हणत्यात, ज्याला शेतकरी लिवता येत न्हाई त्यो आमाला फवारणी काय सांगणार?"

मी लगेच पुढं सरकलो. मला कारण माहीत होतं. तो अर्धा र आमच्या अक्षरांत नव्हताच, तेव्हा तानाजीनं वीस दिवस नव्हे, वीस वर्षं खटपट केली असती तरी तो उमटला नसता. पण बाईंनी मला नजरेनंच मागं बसवलं आणि तानाजीला म्हणाल्या, "तुमचं काय चुकलेलं न्हाई. आमच्याकडं ते अक्षरच न्हाई. आमी ते सांगायला पायजे हुतं, सांगितलं न्हाई."

तानाजीनं एकदम मान वर केली. ईस दिस त्याला वाटत होतं की आपल्यालाच अक्कल नाही. तो उठला आणि चहा सांगायला गेला. चहाबरोबर त्यानं बाईंना आणखी अकरा अडचणी सांगितल्या, त्यातल्या चार त्याच्या स्वतःच्या चुका होत्या. त्या चुका बाईंनी त्याच्याच बोटांनी दुरुस्त करून घेतल्या. येताना गाडीत मला म्हणाल्या, "तुला उत्तर ठाऊक हुतं व्हय?"

"हो."

"मग ईस दिस आधी का न्हाई कळवलंस?"

मी म्हटलं, मला कुठं माहीत होतं तो अडलाय म्हणून.  त्या महिन्यापासून बाईंनी माहितीपुस्तिका मराठीत लिहायला घेतली, आणि तिचं पहिलंच प्रकरण होतं 'आमच्याकडे काय नाही'.

साहेबांना ते प्रकरण आवडलं नाही. त्याआधी वाईचा एक प्रकार झाला होता. वाईला घाटाजवळ राहणारे एक शास्त्री जुन्या हस्तलिखितांची यादी करत होते. त्यांचा पुतण्या प्रोग्रॅमर. आमचा भाग घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. बाई दोनदा जाऊन आल्या. पहिल्यांदा शास्त्रीबुवांनी आडनाव विचारलं, आणि बोलणं ओसरीवरच झालं. बाईंनी यादीतली पन्नासभर नावं उतरवून आणली, दोन दिवस बसून ती आमच्या अक्षरांत उमटवून बघितली आणि परत गेल्या. म्हणाल्या, "तुमच्या संस्कृतातली जोडाक्षरं आमच्यात निम्मी तुटतात. तुम्ही आमचं घेऊ नका." पुण्यातल्या दुसऱ्या एका कंपनीचं नावही सांगून आल्या. त्या दिवशी शास्त्रीबुवांनी त्यांना आत बोलावून, हस्तलिखितांचं कपाट उघडून, एकेक पोथी सोडून दाखवली. हे त्यांनी वहीत लिहिलं नव्हतं, चहा पिताना सहज सांगितलं.

साहेब तेव्हा म्हणाले होते, "बाई, पगार आमचा घेता आणि बाजू त्यांची घेता."

"आवं साहेब, तिकडं गेले की तुमचीच बाजू घेते की. त्यांना सांगते, थांबा, मानसं चांगली हायत, करतील दुरुस्त. पण हितं येऊन त्यांची बाजू घेतली न्हाई, तर तिकडं माझं कोण ऐकंल?"

साहेबांना हसू आलं होतं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला इथं सांगितलंच पाहिजे.

तानाजीचा अर्धा र मी बसवला. बाईंनी चार सोमवार पाठपुरावा केला म्हणून बसवला, आणि घाईत बसवला. आमच्या अक्षरसंचात जागा मोजक्याच होत्या. नवं अक्षर आणायचं तर जुनं एखादं उठवावं लागे. पडद्यासाठी मी नीट जागा शोधली. छपाईसाठी मात्र एक चिन्ह कुणी वापरत नसेल असं धरून त्याच्या जागी हा र बसवला, आणि वर एक अट घातली की ते जुनं चिन्ह आलंच तर काहीच छापू नये. ते चिन्ह होतं अर्ध्याचं, एकावर दोन. पडद्यावर ते दिसायचं. कागदावर नाहीसं व्हायचं.

नवी फ्लॉपी सगळ्यांना गेली. तानाजीचं पत्र आलं, त्यात 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द त्यानं छापून चिकटवला होता. मी ते पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी साताऱ्याहून अल्ताफचा फोन आला. अल्ताफ पंचविशीचा, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यानं साताऱ्यातल्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांसाठी औषधाची चिठ्ठी मराठीत छापणारा प्रोग्रॅम केला होता. आईला वाचता यावं म्हणून. फोन बाईंनी घेतला. बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिल्या. मग फोन ठेवून आमच्याकडे वळल्या.

"चिठ्ठीवर '½ चमचा' पायजे हुतं. नुसतं 'चमचा' छापलं. आईनं चमचाभर पाजलं. दोन दिवस. पोर झोपूनच ऱ्हायलं, दूध पिईना, तवा ती परत दवाखान्यात घेऊन गेली. आता बरं हाय. डॉक्टरांनी अल्ताफला बोलवून मशीन उचलून न्यायला सांगितलंय."

 मी उठून मशीनपाशी गेलो, एक कागद छापून बघितला आणि तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. "माझ्याकडून झालंय," एवढंच म्हणालो.

साहेबांनी कागद बघितला, चष्मा काढून डोळे चोळले. त्या आठवड्यात पुण्याच्या एका मोठ्या कंपनीशी आमची बोलणी चालू होती. ती आमचा भाग आपल्या सगळ्या कामांत वापरणार होती. ते म्हणाले, "आजच दुरुस्त करा. सोमवारी सगळ्यांना नवी फ्लॉपी जाऊ दे, सुधारित आवृत्ती म्हणून. आत एक ओळ घालू."

"फ्लॉपी पोचायला आठ दिस लागत्यात," बाई म्हणाल्या. "आणि सुधारित म्हटलं की लोक सवडीनं घालत्यात. आज कळवायला पायजे. आणि काय चुकलंय ते सरळ लिहून."

"बाई, सगळीकडे बोभाटा होईल. आणखी कोण अर्ध्याचं चिन्ह छापतंय?"

"तेच तर आपल्याला ठाऊक न्हाई."

साहेबांनी तो कागद उलटा ठेवला. मग म्हणाले, "मी परवानगी देत नाही."

बाई पिशवी घेऊन खाली उतरल्या. तासाभरानं पोस्टातून पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून लिहायला लागल्या. साहेबांनी येऊन बघितलं.

"पोस्टकार्ड? अहो, पोस्टमनसुद्धा वाचेल."

"वाचू दे की. कुणाला तरी लवकर सांगंल." आणि मग, मान वर न करता, "साहेब, मला काढून टाकायचं तर सोमवारी टाका. आज माझं नाव हजेरीला हाय."

साहेब आत गेले आणि दार लावून घेतलं. मी बाईंच्या शेजारी जाऊन बसलो. मजकूर त्यांनी सांगितला, मी उतरवत गेलो: 'आमच्या नव्या फ्लॉपीत आमच्याकडून चूक झाली आहे. अर्ध्याचे चिन्ह पडद्यावर दिसते पण छापले जात नाही. औषध, खत, मोजमाप छापत असाल तर आजपासून अर्धा हा शब्द अक्षरांत लिहा. जुने छापलेले कागद तपासा.' खाली सही त्यांची. माझे बाकीचे दोघे सहकारीही थोड्या वेळानं येऊन बसले. ज्यांचे फोन होते त्यांना बाईंनी समोरच्या एस.टी.डी. बूथवरून कळवलं. दुपारच्या टपालात सगळी कार्डं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त फ्लॉपी घेऊन मी त्यांच्याबरोबर साताऱ्याला गेलो. अल्ताफ स्टँडवर उभा होता, दाढी न केलेला. म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला आलात? डॉक्टर ऐकून घेणार नाहीत. अब्बांनाही बोलले ते."

डॉक्टर उभेच राहिले, आम्हालाही बसा म्हणाले नाहीत. बाईंचं बोलणं अशा ठिकाणी बदलायचं. टायपिंगच्या परीक्षेतली मराठी बोलायच्या. "डॉक्टर, यांचा प्रोग्रॅम बरोबर आहे. मी तपासला आहे. अक्षरं छापण्याचा भाग आमच्या कंपनीचा, आणि चूक त्या भागात आहे. यांच्या हातात ती दुरुस्त करणं नव्हतं. दोष द्यायचा तो आम्हाला द्या. यांना देऊ नका, आणि यांच्या वडिलांना तर नाहीच."

"तुमच्या कंपनीनं तुम्हाला हे सांगायला पाठवलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी आले आहे."

मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाई तेवढ्यात डॉक्टरांना छापलेला दुरुस्त कागद दाखवायला लागल्या, आणि माझी वेळ गेली. डॉक्टर बराच वेळ कागद बघत होते. शेवटी अल्ताफला म्हणाले, "महिनाभर प्रत्येक चिठ्ठी मी हातानं तपासणार. मग बघू." अल्ताफनं मान हलवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसला. 

बाईंनी त्या बाळाच्या घराचा पत्ता मागून घेतला होता. गोडोलीत होतं घर. मूल दारात बसून ताटली वाजवत होतं. आई धुणं वाळत घालत होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर ती भांडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "मला मनात आलं हुतं, एवढ्याशा जिवाला चमचाभर जास्त हुतंय म्हणून. पण छापलेलं हाय म्हणल्यावर बरोबरच आसंल, आसं वाटलं."

बाईंनी तिथंच उभ्या उभ्या ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

येताना गाडीत मी विचारलं, माझं नाव का सांगितलं नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टरांना नाव घेऊन काय करायचं हुतं? त्यांना कागद पायजे हुता. तू कागद दिलास." थोड्या वेळानं म्हणाल्या, "र पायजे म्हणून तुझ्या मागं मीच लागले हुते. चार सोमवार. मीबी इचारलं न्हाई, जागा कुठनं आणलीस म्हणून."

सोमवारी त्यांनी वही वाचली. त्या आईचं वाक्य शेवटी वाचलं. साहेब दारात उभे राहून ऐकत होते.

पोस्टकार्डांना उत्तरं आली. आणखी एका ठिकाणी, तासगावकडं, खताच्या चिठ्ठीत तीच चूक निघाली, वेळेवर निघाली. दोघांनी फ्लॉप्या परत पाठवल्या. बाकीचे टिकले. पण बातमी पुण्याला पोचली आणि त्या मोठ्या कंपनीनं बोलणी थांबवली. साहेब ओरडले नाहीत. एके दिवशी बाईंना समोर बसवून त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, मला खरंच कळत नाही. तुमच्या या फिरण्यातून कंपनीला काय मिळतं?"

बाईंनी विचार केला. म्हणाल्या, "माझ्याबी ध्यानात येत न्हाई साहेब. जे बिघडलं न्हाई ते दिसत नसतं."

साहेबांनी फिरती बंद केली. ऑफिसात बसून पुस्तिका लिहा म्हणाले. त्यांच्या मनात तरी तो मेहेरबानीचाच विचार होता. बाई म्हणाल्या, "हितं बसून मी काय लिवणार? मला तिकडचं काय कळणार?" महिनाअखेरीला त्या गेल्या. जाताना वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

पुढचा सोमवार आम्हाला फार बरा गेला. कुणी खुर्च्या वळवल्या नाहीत. नंतरचेही सगळे सोमवार बरे गेले. टपाल कमी होत गेलं, ते आम्हाला सुधारणेचं लक्षण वाटलं. विंडोज आलं, लोक त्याच्याकडे वळू लागले, आणि ते कधी, का, कशासाठी वळताहेत हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. दोन वर्षांनी दवाखान्यावरच्या त्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. सामान हलवताना मी एका वहीचं पान उघडलं. कुणी जतच्या प्रोग्रॅमरनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, 'पुढच्या वर्षी आमचं सगळं विंडोजवर जाणार, तुमचं त्यावर चालेल का?' खाली बाईंचं अक्षर: 'विचारून सांगते म्हटले.' आम्हाला त्यांनी ते वाचून दाखवलं असणार. मला आठवत नव्हतं.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मी पुण्याला नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघालो होतो, गाडी कराडला थांबली म्हणून खाली उतरलो. पलीकडच्या फलाटावर, विट्याच्या गाडीच्या दारात, बाई कंडक्टरशी हुज्जत घालत होत्या. पायाशी सुतळीनं बांधलेलं मोठं खोकं.

"टीव्ही हाय का ह्यो?" कंडक्टर विचारत होता.

"कॉम्प्युटर हाय. जुना. शाळेत द्यायचाय. टपावर न्हाई टाकायचा, आपटंल."

मला बघून त्यांना आनंद झाला. केस बरेच पांढरे झाले होते. मी कंपनी बंद झाल्याचं सांगितलं. साहेबांविषयी विचारतील, माझ्या नोकरीविषयी विचारतील असं वाटलं.

"मग ज्यांनी आपलं घेतलं हुतं त्यांचं काय?" त्यांनी विचारलं. "तानाजीचं? जतचा, तासगावचा? त्यांचं अडलं तर ते कुणाला इचारत्यात?"

कंपनी मिटवताना आम्ही खुर्च्यांचा विचार केला होता, टेलिफोनचा केला होता. हा प्रश्न कुणाच्या मनातच आला नव्हता. मी तसं सांगितलं.

"अल्ताफचं मी बघून दिलंय," त्या म्हणाल्या. "तानाजीला तू लिही. आजच लिही, रं."

कंडक्टरनं घंटी ओढली. मी खोकं वर चढवायला हात दिला. आत दोघांची एक सीट रिकामी होती. बाईंनी खोकं खिडकीशी ठेवलं, स्वतः कडेला बसल्या आणि पदराची घडी करून खोकं आणि खिडकीच्या गजामध्ये सारली, म्हणजे खड्ड्यात ते गजावर आदळू नये. मी हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. पुढच्या सीटवरच्या माणसानं मागं वळून काहीतरी विचारलं होतं, आणि त्या त्याला समजावून सांगत होत्या.